राजमा उठवतो, कळलावी थांबवते

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी ठाण्यात अकरावीला आहे. पेशीविभाजनाच्या चारही अवस्था तिला तोंडपाठ आहेत. परवा जेवताना तिने वडिलांना विचारलं, "सगळी गुणसूत्रं मधोमध आली हे पेशीला कळतं कसं? त्याआधीच ती तुटत का नाहीत?" वडील बँकेत नोकरी करतात, त्यांना सांगता येईना. शिवाय प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाच्या स्लाइडमध्ये तिला नुसते ठिपकेच दिसले. तेव्हा चूक तिची की कॉलेजची?

ठिपक्यांकडे शेवटी येते. तिचा पहिला प्रश्न फार मोलाचा आहे, तो आधी घेऊ. उत्तर एका वाक्यात द्यायचं तर, पेशीला "मधोमध" वगैरे काही कळत नाही. ती ते तपासतही नाही. तिची तपासणी वेगळीच असते, आणि त्या तपासणीवर माझं घर गेली चोवीस वर्षं चाललं आहे.

मी ठाण्यात एका लॅबमध्ये गुणसूत्रांची तपासणी करते. वारंवार गर्भपात होणारी जोडपी, वाढ खुंटलेली मुलं, रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण अशांचं रक्त किंवा अस्थिमज्जा आमच्याकडे येते. त्यातल्या पेशींची गुणसूत्रं मोजायची, जोड्या लावायच्या आणि रिपोर्ट द्यायचा. याला कॅरियोटाइप म्हणतात. "साखरेचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, मग याला इतके दिवस का हो?" असा फोन रोज येतो. कारण सरळ आहे. एरवी गुणसूत्रं दिसतच नाहीत. गुणसूत्रं डीएनएच्या धाग्यांची असतात. माणसाच्या एका पेशीत असा जवळजवळ दोन मीटर डीएनए असतो, आणि तो मिलिमीटरच्या काही सहस्रांश एवढ्याशा केंद्रकात सैलसर पसरलेला असतो. मुलांनी विस्कटलेलं लोकरीचं बंडल आठवा. त्यातून सेहेचाळीस धागे वेगळे मोजता येतील का? पेशी विभाजनाला निघते तेव्हा ती स्वतःच हे सगळं गुंडाळून घट्ट करते. तेवढ्या थोड्या वेळातच आम्हाला ती गाठावी लागते. पेशीचं एक पूर्ण चक्र साधारण दिवसभराचं धरलं, तर प्रत्यक्ष विभाजनाला त्यातला तासभर जातो.

त्यातही रक्तातल्या पांढऱ्या पेशी विभाजनाच्या फंदात न पडता स्वस्थ बसून असतात. (लाल पेशींना तर केंद्रकच नसतं, त्यांच्याकडून कसलीच आशा नाही.) या बसलेल्या पेशींना उठवायला आम्ही फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन घालतो. नाव ऐकून घाबरू नका, ते येतं राजम्यातून. अर्धाकच्चा राजमा खाल्ला की ज्यामुळे पोट बिघडतं, तेच हे प्रथिन. पूर्वी ते लाल पेशींचा गठ्ठा करून त्या बाजूला काढायला वापरत. १९६० साली अमेरिकेत पीटर नोवेल यांच्या लक्षात आलं की त्याच्यामुळे पांढऱ्या पेशी विभाजित व्हायला लागतात. तेव्हापासून आजपर्यंत जगभरच्या लॅबमध्ये रक्ताचं कल्चर लावायचं, म्हणजे पेशी बाटलीत वाढवायच्या, तर राजम्याचं हे प्रथिन लागतंच. सोमवारी हिरव्या झाकणाच्या नळीतून रक्त आलं की कल्चर लावायचं, ३७ अंशांवर ७२ तास ठेवायचं आणि गुरुवारी हार्वेस्ट करायचं, म्हणजे पेशी काढून काचेवर घ्यायच्या.

हार्वेस्टच्या आधी घालायचं ते कोल्चिसिन. येऊरला पावसाळ्यात फिरायला गेलात तर कुंपणाच्या झुडपांत कळलावी फुललेली दिसेल. लाल-पिवळ्या पाकळ्या ज्वाळांसारख्या वर वळलेल्या, आणि पानाचं टोक वेलीच्या तणाव्यासारखं गुंडाळलेलं. (मुलांना हात लावू देऊ नका, कंद तर नकोच नको. सगळी वनस्पती विषारी आहे.) तिच्यात कोल्चिसिन असतं. आता आम्ही बाटलीतून येणारं त्याच्याच कुळातलं रसायन वापरतो, पण कामाची तऱ्हा तीच. पेशी विभाजित होताना ज्या धाग्यांनी गुणसूत्रं ओढली जातात, ते धागे ते विणूच देत नाही. पेशी तिथेच अडकते. गुणसूत्रं घट्ट झालेली, केंद्रकाचं आवरण विरघळलेलं आणि पुढे काहीच होत नाही. आम्हाला नेमकं तेच हवं असतं.

आता लेकीला हा प्रश्न विचारा. धागे नाहीत म्हणून गुणसूत्रं सरकणार नाहीत, इथपर्यंत ठीक. पण पेशी थांबते कशाला? प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती जागच्या जागी सुटायला काय हरकत होती? कोल्चिसिनने धागे मोडले, थांबण्याचा हुकूम कुठे दिला? हुकूम पेशीचाच असतो. तिचा प्रश्न आणि माझा धंदा इथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

थोडं मागे जाऊन सांगते. पुस्तकात दोन विभाजनांमधल्या काळाला कधी कधी विश्रांती म्हणतात. विश्रांती कसली! त्याच काळात सगळ्या डीएनएची एक पूर्ण नक्कल तयार होते. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती होतात आणि त्या कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. घट्ट झाल्यावर पुस्तकातलं इंग्रजी एक्ससारखं चित्र दिसतं ते याचंच. माणसात असे ४६ जोड. प्रत्येक जोडाच्या कमरेला, गुणसूत्रबिंदूपाशी, दोन बाजूंना दोन पकडी असतात. त्यांना कायनेटोकोर म्हणतात. म्हणजे एकूण ९२ पकडी.

पेशीच्या दोन टोकांकडून तुर्कतंतू निघतात. (मुलं विचारतात, तुर्कस्तानचे का? नाही. संस्कृतात तर्कू म्हणजे सूत कातायची चाती. आपल्याकडे हे शब्द फार नेमके बसवले आहेत. १८८२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंग यांनी ग्रीक भाषेतल्या धाग्याच्या शब्दावरून या विभाजनाला मायटोसिस नाव दिलं, आणि आपण त्याला सूत्री विभाजन म्हणतो. धागा काही हरवला नाही. सॅलमँडर या पालीसारख्या उभयचराच्या पिल्लांच्या पेशी रंगवून फ्लेमिंग यांनी ही सगळी चित्रं हाताने काढली होती.) हे तंतू म्हणजे आखून टाकलेले रूळ नव्हेत. ते ट्युब्युलिन या प्रथिनाच्या विटा जोडत वाढतात, काही हाती लागलं नाही तर भराभर कोसळतात आणि पुन्हा दुसऱ्या दिशेला वाढतात. खाडीवर गळ टाकून बसलेला माणूस कसं करतो? इथे टाकला, काही नाही, ओढून घेतला, तिथे टाकला. तसंच. एखादी पकड हाताला लागली की तंतू तगतो.

या गळ टाकण्यात चुका होणारच. कधी दोन्ही पकडी एकाच टोकाच्या तंतूंना लागतात. कधी एकच लागते, दुसरी रिकामी राहते. बरोबर जोडणी एकच: एक पकड या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला. ती झाली की दोन्हीकडून ओढ बसते, पण मधे कोहेसिन सोडत नाही. रस्सीखेच सुरू झाल्यासारखा जोड ताणला जातो. चुकीच्या जोडणीत हा ताण येत नाही, आणि ताण नसलेले तंतू सोडवून द्यायचं काम ऑरोरा बी नावाचं एक एन्झाइम करतं. सोडलं की पुन्हा गळ. दोन्हीकडची ओढ सारखी झाली की जोड आपोआप दोन टोकांच्या मधे येऊन ठरतो, थोडा पुढे-मागे डुलत राहतो. मधोमध येणं हा त्या ओढाताणीचा परिणाम. त्यासाठी कुणी रेघ आखलेली नसते.

मग पेशी तपासते काय? ती तपासते, एखादी पकड रिकामी आहे का.

लग्नातली पंगत आठवा. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय श्लोक होत नाही, कुणी घास घेत नाही. यजमान प्रत्येक पानापाशी जाऊन मोजदाद करत नाही. ज्याच्या पानात भात पडला नाही, तोच ओरडतो, "अहो, इकडे भात राहिला!" त्याच्या एका हाकेवर सबंध पंगत थांबते. पेशीत असंच आहे. रिकामी पकड स्वतःच "थांबा"चा निरोप सोडत राहते. तिच्यापाशी काही प्रथिनं जमतात, त्यांचा एक गट तयार होऊन पेशीभर पसरतो आणि पुढच्या पायरीचं यंत्र अडवून धरतो. ९२ पैकी ९१ पकडी भरल्या आणि एक राहिली, तरी बहुतेक वेळा तेवढं पुरतं. शेवटच्या पानात भात पडला की ओरडणं थांबतं, आणि ती शांतता हीच सुरुवातीची खूण.

ही नुसती कल्पना नाही. १९९५ साली अमेरिकेत कॉनली रीडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार देखणा प्रयोग केला. रॅट कांगारू नावाचा एक छोटा ऑस्ट्रेलियन प्राणी आहे. त्याच्या पेशींत गुणसूत्रं मोजकीच असतात आणि पेशी भाकरीसारख्या चपट्या पसरतात, त्यामुळे आतलं सगळं स्पष्ट दिसतं. एका पेशीत एक सोडून सगळे जोड नीट लागलेले होते. राहिलेला जोड एका टोकाशीच अडकला होता, त्याची दुसरी पकड रिकामी होती आणि पेशी खोळंबली होती. त्यांनी लेसरच्या बारीक किरणाने ती रिकामी पकडच जाळली. म्हणजे त्या पाहुण्याला भात न वाढता त्याचं तोंडच बंद केलं. थोड्या वेळात पेशी पुढे निघाली. तो जोड अजून टोकालाच होता, मधोमध आलाच नव्हता! पेशीला मधाशी देणंघेणं असतं, तर ती थांबून राहायला हवी होती. तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं याहून थेट उत्तर मला माहीत नाही.

"आधीच तुटत का नाहीत" याचंही उत्तर यातच आलं. कोहेसिनची कडी कापणारी कात्री पेशीत आधीपासून तयार असते. सेपरेज तिचं नाव. पण सेक्युरिन हे दुसरं प्रथिन तिला म्यानात घालून ठेवतं. हाका थांबल्या की अडवलेलं यंत्र मोकळं होतं, सेक्युरिनवर नष्ट करायची खूण करतं, पेशी त्याचा चुराडा करते आणि कात्री मोकळी होते. मग सगळ्या कड्या जवळजवळ एकदमच तुटतात. त्याच वेळी सायक्लिन नावाचं प्रथिनही मोडीत निघतं. विभाजनाची धुगधुगी त्याच्यामुळे टिकून असते, त्यामुळे तेही गेल्यावर माघार नाही. सायक्लिन टिम हंट यांना १९८२ मध्ये समुद्री अर्चिनच्या अंड्यांत सापडलं. २००१ चं नोबेल हार्टवेल आणि नर्स यांच्याबरोबर त्यांनाही मिळालं.

पुढचं पुस्तकात ठीक दिलंय, त्यात मी वेळ घालवत नाही. एवढंच सांगते की पश्चावस्थेत, म्हणजे सुटलेल्या प्रती दोन टोकांकडे जातात तेव्हा, दोर ओढून घेतल्यासारखं चित्र मनात येतं, ते सोडून द्या. तंतू बरेचसे पकडीपाशीच विटा गळत गळत आखूड होतात, आणि पकड त्या ढासळत्या टोकाला धरून मागे मागे जाते. शेवटी प्राण्यांची पेशी कमरेला नाडी आवळल्यासारखी मधे आवळते. वनस्पतींना बाहेरून टणक भिंत असते, त्यामुळे त्या आवळू शकत नाहीत. त्या मधून नवी भिंत बांधत बाहेर जातात. कांदा बघताना हे लक्षात ठेवा.

आता थांबण्याची दुसरी बाजू. नोकरीला लागून दुसरंच वर्ष होतं आणि जुलै चालू होता. दहा कल्चरमध्ये कोल्चिसिन घातलं, आणि अर्ध्या तासात येते म्हणून एका कामाला नौपाड्यात गेले. असा पाऊस कोसळला की स्टेशनकडचा रस्ता पाण्याखाली गेला. परत पोचायला साडेतीन तास लागले. हार्वेस्ट तरी केलं: पेशी फुगाव्यात म्हणून पोटॅशियम क्लोराइडचं पातळ द्रावण, मग मिथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिडचं तीनास एक मिश्रण, मग काचेवर वरून थेंब. (पेशी फुगवायची ही युक्तीसुद्धा चुकीतूनच आली. १९५२ च्या सुमारास टी. सी. शू यांच्या लॅबमध्ये द्रावण चुकून पातळ झालं आणि गुणसूत्रं पहिल्यांदाच नीट सुटी दिसली. त्याआधी माणसात ४८ गुणसूत्रं आहेत असंच सगळे धरून चालले होते. ४६ हा आकडा त्जिओ आणि लेवान यांनी १९५६ मध्ये दिला.) माझ्या दहाच्या दहा स्लाइड्सवर मध्यावस्थेतल्या, म्हणजे प्रती सुटायच्या आधी थांबलेल्या, पेशी भरपूर होत्या, पण गुणसूत्रं? शेवया हव्या होत्या, साबुदाणा मिळाला. खोळंबलेली पेशी गुणसूत्रं आणखी आणखी घट्ट करत बसते. त्यांच्यावर जे आडवे पट्टे बघून आम्ही एकेक ओळखतो, ते पट्टेच नाहीसे झाले होते. दहाही रुग्णांना पुन्हा रक्ताला बोलवावं लागलं. सरांनी रागावण्याऐवजी फोन माझ्याच हातात दिला, ते जास्त लागलं.

आणखी काही तास गेले असते तर वेगळंच दिसलं असतं. पेशी अनंतकाळ थांबत नाही. सायक्लिन हळूहळू झिरपत संपतं, आणि पंगत कंटाळून जेवायला बसावी तशी पेशी विभाजन न करताच उठून जाते. एकाच पेशीत ९२ गुणसूत्रं राहतात. अशा पेशी बऱ्याचदा मरतात, काही जगतात, आणि जगलेल्या पुढे गडबड करतात.

डॉक्टर हाच खोळंबा कर्करोगावर वापरतात. सोसायटीच्या गेटजवळच्या कुंडीत सदाफुली असेलच. व्हिन्क्रिस्टिन हे औषध तिच्यापासून मिळतं. तेही ट्युब्युलिनला धरतं, तंतू बनू देत नाही. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते १९६० च्या दशकापासून आजतागायत शिरेतून दिलं जातं. आमच्या खाडीपलीकडे खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक आहे. तिथे काय किंवा कुठल्याही कर्करोग रुग्णालयात काय, हे नाव रोजचं. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगाचं दुसरं औषध उलट्या वाटेने जातं: तंतूंना मोडूच देत नाही, गोठवून टाकतं. दोन्हीत पेशी अडकते. अर्थात औषधाला चांगली पेशी आणि वाईट पेशी असा भेद कळत नाही. हातापायांना मुंग्या येतात, कारण लांबलचक चेतापेशी आतली मालवाहतूक याच तंतूंवरून करतात. घरी सदाफुलीचा काढा करायच्या भानगडीत मात्र पडू नका. त्यातल्या औषधाचा डोस मिलिग्रॅममध्ये मोजतात.

आता कांदा. ठिपके दिसले म्हणजे बहुधा सगळं बरोबरच होतं. ते केंद्रकं होती, विभाजनात नसलेल्या पेशींची. ज्या अवस्थेत पेशी जास्त वेळ घालवते, तिच्यातल्या पेशी स्लाइडवर जास्त दिसणार. स्टेशनवर कुठल्याही क्षणी फोटो काढला तर चढणाऱ्यांपेक्षा वाट बघणारेच जास्त दिसतात ना, तसं. शंभरात पाच-दहा पेशी विभाजनात मिळाल्या तरी खूश व्हा. त्याही बहुतेक पूर्वावस्थेतल्या, म्हणजे गुणसूत्रं नुकती घट्ट होत असलेल्या, असतात. पश्चावस्था शोधायला चिकाटी लागते, ती झटकन उरकते.

पण एक चूक मात्र सर्रास होते. मुलं मूळ जिथून सोयीचं तिथून कापतात. विभाजन टोकाच्या एक-दोन मिलिमीटरमध्येच चालतं. त्याच्या वरच्या पेशी फक्त लांब होत असतात. भिंगाखाली लांबट आयत दिसले तर तुम्ही वर आहात. छोट्या, चौकोनी, दाट रंगलेल्या पेशी दिसल्या तर बरोबर जागी.

घरी करायचं तर जुनी मुळं खरवडलेला कांदा ग्लासवर असा ठेवा की फक्त बूड पाण्याला टेकेल. दोन-चार दिवसांत दीड-दोन सेंटिमीटर मुळं येतील. पाणी रोज बदला, ठाण्याच्या उकाड्यात ते लगेच कुजतं. सकाळच्या वेळी टोकं कापा. अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिडमध्ये एक दिवस ठेवणं, हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये गरम करून मऊ करणं आणि ॲसेटोकार्माइनने रंगवणं हे मात्र कॉलेजच्या प्रयोगशाळेतच, बाईंच्या देखरेखीखाली. दाबताना काच सरकू देऊ नका, अंगठा सरळ खाली. सरकली की पेशी एकमेकींवर चढतात.

कांद्यात गुणसूत्रं १६ असतात आणि चांगली मोठी असतात. मध्यावस्थेतली पेशी सापडली की लेकीला म्हणा, लगेच पुढे सरकू नकोस. जरा बाजूच्या पेशींत बघ, बाकी सगळी रांगेत आणि एखाददुसरं गुणसूत्र अजून टोकाकडे रेंगाळलंय अशी पेशी मिळते का. मिळाली तर समजा, भात राहिलाय.